आरडी ३५० चे कार्ब: कानाने लावायचे की मापाने?

सांगलीचा_गाडीवेडा
स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ दे. "आवाजावर कार्ब (कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) लावून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला आरडीला हात लावू देऊ नये, असं माझं मत झालंय.

माझी राजदूत ३५०, म्हणजे यामाहा आरडी ३५० चा भारतीय अवतार, एलटी (लो टॉर्क) मॉडेल; दोन सिलिंडर, प्रत्येकाला वेगळा कार्ब. तीन आठवड्यांपूर्वी एका जुन्या गॅरेजात दिली. मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली, दोन्ही कार्बचे स्क्रू इकडेतिकडे केले आणि पाच मिनिटांत "झालं साहेब". आयडलिंग (मूठ न पिळता चालणं) खरंच सुरेख. पण जरा रेस दिली, तीन हजाराच्या आसपास गेली, की अशी थरथरते की आरशात मागचा एक ट्रक दोन दिसतो. प्लग काढले तर डावा विटकरी, म्हणजे ठीक, उजवा काजळी धरलेला. याला सिंक (दोन्ही कार्ब सारखे उघडणं) म्हणायचं? कार्बमधली हवेची ओढ मोजणाऱ्या व्हॅक्यूम गेजची जोडी मागवतोय. सुई खोटं बोलत नाही.

किक_मारा_८४
गेज मागवू नका. मिस्त्री चुकला हे मान्य, पण तुम्ही दुसऱ्या टोकाला चाललात.

आयडलला दोन्ही स्लाइड (कार्बमधली वर-खाली होणारी झडप) आपापल्या स्टॉप स्क्रूवर टेकलेल्या असतात. म्हणून तिथे कानाने जुळतं. मूठ पिळली की स्क्रूचं राज्य संपतं, केबलचं सुरू होतं. आरडीत मुठीपासून निघालेली केबल पुढे तिघांत वाटली जाते: दोन कार्ब आणि एक ऑइल पंप (इंजिनात तेल सोडणारा). एका कार्बच्या केबलला मिलिमीटरभर ढील जास्त असेल तर ती स्लाइड उशिरा उठते आणि तेवढा वेळ दुसरा सिलिंडर दोघांचं ओझं ओढतो. तुमची थरथर तीच. मिस्त्रीने स्क्रू फिरवले, कार्बच्या डोक्यावरचे केबल ऍडजस्टर बघितलेच नाहीत, पैज लावतो.

एअरबॉक्सचे रबर काढा. तीन एमएमच्या ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू स्लाइडखाली सरकवा, दोन्हीकडे सारखीच अडकते का बघा. यात सुईचं काय काम?

आयसारपार_म्युनिक
असहमत. माझ्याकडे बीएमडब्ल्यू आर ९०/६ आहे, दोन्ही बाजूंना एकेक बिंग कार्ब. डोळ्याला कार्बमधल्या फुलपाखराच्या (बटरफ्लाय झडपेच्या) पातीतला फरक दिसतच नाही, गेजवर लगेच दिसतो. गेल्या उन्हाळ्यात मी पारदर्शक नळी लाकडी पट्टीवर यू आकारात ठोकली, आत तेल भरलं आणि दोन्ही टोकं दोन कार्बना जोडली. ज्या बाजूची ओढ जास्त तिकडे तेल चढतं. खर्च जवळपास शून्य. मोजल्याशिवाय जुळवणं म्हणजे वजनकाट्याशिवाय किराणा.

किक_मारा_८४
तुमची फोर-स्ट्रोक, शिवाय बिंगची स्लाइड केबलने नाही, ओढीवरच उठते. तिथे ओढ मोजणंच बरोबर. आरडीत स्लाइड थेट केबलला लटकलेली, मध्ये रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेने उघडणारी पातळ झडप), खाली क्रँककेस. ओढ येते तीही हिसक्याहिसक्याने, सुई नुसती नाचेल. जिथे स्लाइडची उंची हातात सापडते तिथे सावली कशाला मोजायची? (तुमची नळी आरडीला लावली आणि तेल आत गेलं तरी बिघडत नाही म्हणा, टू-स्ट्रोकला तेल पाजावंच लागतं.)

मिस्त्रीचा_पोरगा
"आवाजावर लावणारे" म्हणून सरसकट झोडपू नका. आमच्या वडिलांनी अशा पन्नासेक आरडी केल्या असतील. त्यांच्याकडे ना गेज ना बिट. दोन्ही कार्बच्या तोंडात एकेक बोट घालायचे, मला म्हणायचे, "हळू पिळ... सोड." दोन्ही स्लाइड एकदम उठल्या तर दोन्ही बोटांवरचा दाब एकाच क्षणी सुटतो. मूठ सोडल्यावर एकच "टक" ऐकू आला पाहिजे. "ट-टक" आला की पुन्हा ऍडजस्टर. गाडी बंदच असायची. कान होताच, पण तो इंजिनाला नाही, स्लाइडला लावलेला. पाच मिनिटांत उरकणारा मिस्त्री आळशी होता, पद्धतीला कशाला शिव्या?

पॉइंट_आधी
सगळे कार्बवर तुटून पडलेत. आरडीला पॉइंट (प्लगची ठिणगी ठरवणारा संपर्क) दोन, प्रत्येक सिलिंडरला वेगळा. उजवा प्लग काळा म्हणजे कार्बच, हे कुणी ठरवलं? उजवा पॉइंट जळला असेल किंवा टायमिंग मागे असेल तरी हेच दिसणार. माझ्या मते निम्मी "सिंक बिघडली" ही तक्रार इग्निशनचीच असते. आधी गॅप, मग डायल गेजने टायमिंग, कार्ब सगळ्यात शेवटी.

किक_मारा_८४
यावर वाद नाही, मी लिहायला हवं होतं. एक जास्त महत्त्वाचं: कार्बच्या केबलला हात लावला की ऑइल पंपाच्या पुलीवरची खूण पुन्हा जुळवा. पंप मागे राहिला तर रेस वाढते, तेल त्या मानाने वाढत नाही, आणि घाटात पिस्टन धरतो (सिलिंडरमध्ये अडकतो). सिंक चुकली तर गाडी थरथरते, इथे चुकलात तर सिलिंडर बोअर करायला जातो.

सांगलीचा_गाडीवेडा
काल रात्री उघडली. मिस्त्रीच्या पोराचं ऐकून आधी बोटं घातली. स्पष्ट "ट-टक". उजव्या केबलचं बाहेरचं आवरण ऍडजस्टरच्या खोबणीत बसलंच नव्हतं, कडेवर टेकलं होतं. नीट बसवलं, मग ड्रिल बिटने दोन्ही सारखे केले, पंपाची खूण जुळवली. आता ट्रक एकच दिसतो.

प्लग अजून पूर्ण विटकरी नाही, पॉइंटवाल्यांचंही रविवारी ऐकतो. गेजची ऑर्डर रद्द केली. पण मिस्त्रीला पाचशे दिले ते दिलेच, आणि त्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

मिस्त्रीचा_पोरगा
पाचशे गेले ते कानाचे. बोटांचे आम्ही वेगळे घेतो.