दुधातला किरणोत्सार आधीच मोजून ठेवायचा का?

गंगावेसकर: घाटाखाली जैतापूरला सहा मोठ्या अणुभट्ट्यांची योजना आहे. मी प्रकल्पाच्या विरोधात नाही. पण भट्टी सुरू व्हायच्या आधी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीचं दूध आणि माती मोजून ठेवा. नंतर मोजलं तर नवं किती आणि आधीचं किती, हे कळणार कसं?

घाटमाथ्याचं नाव मुद्दाम घेतोय. 1986 साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तिचा ढग ब्रिटनमधल्या वेल्सवर असताना पाऊस पडला आणि भट्टीतलं किरणोत्सारी सिझियम-137 डोंगरातल्या गवतात उतरलं. तिथल्या मेंढ्यांवरची शेवटची बंधनं उठायला 2012 उजाडलं. आपल्या गगनबावड्याचा पाऊस तर सगळ्यांना माहीत आहे.

नऊ म्हशींचा गोठा: माझा विरोध. ‘कोल्हापूरच्या दुधात किरणोत्सार’ एवढी एक ओळ व्हॉट्सॲपवर फिरली की आम्ही संपलो. आणि सापडणारच हो! दुधात पोटॅशियम असतं, त्यातल्या नैसर्गिक किरणोत्सारी पोटॅशियम-40 मुळे लिटरला 40-50 बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) येतातच. माझ्या आज्याच्या चरवीतही तेवढेच होते. दर पडला तर पेंडीचे पैसे कोण देणार?

मास्तर_राजारामपुरी: गोठेवाल्यांशी सहमत. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर थोरियमची, म्हणजे मुळातच किरणोत्सारी, वाळू आहे. तिथल्या सुमारे 70 हजार लोकांना सरासरी दहा वर्षं तपासलं. 2009 साली निष्कर्ष आला, जास्तीचा कॅन्सर दिसला नाही. आपण तर बेसॉल्टवर राहतो, या दगडात थोरियम-युरेनियम कमीच. मग ही चिंता कशाला?

गंगावेसकर: मास्तर, केरळचा अभ्यास मोठाच आहे, पण तो एकटा नाही. फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेतल्या 3 लाखांहून जास्त अणुकामगारांच्या नोंदी जोडल्या, तेव्हा किरणोत्साराच्या कमी मात्रेतही कॅन्सरने होणारे मृत्यू मात्रेबरोबर किंचित वाढताना दिसले (2023). वाढ इतकी बारीक की लाखो नोंदींशिवाय दिसत नाही. त्यातही त्यांच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा बिल्ला होता, नोंदलेला आकडा होता. आपल्याकडे काय आहे?

अमेरिकेत सेंट लुईसच्या आयांनी 1958 पासून पोरांचे दुधाचे दात गोळा करून दिले. अणुस्फोटातून पडणारं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-90 शरीरात कॅल्शियमसारखंच वागतं. गवत, गाय, दूध, दात अशी त्याची वाट. अणुचाचण्यांचा माल पोरांच्या हाडात पोचतोय हे त्या दातांनी दाखवलं. दात कुणी जपलेच नसते तर?

मास्तर_राजारामपुरी: दातांचं मान्य. पण तेव्हा चाचण्यांचे बॉम्ब हवेत फुटत होते. चालत्या भट्टीशी त्याची तुलना मला पटत नाही.

गंगावेसकर: तुलना भट्टीची नाही, नोंदीची आहे.

नऊ म्हशींचा गोठा: पाव्हणं, मग माझी अट ऐका. पोटॅशियमचा आकडा वेगळा, सिझियमचा वेगळा. दोन्हींची बेरीज करून एक मोठा आकडा कुणी छापायचा नाही. आणि पहिला नमुना शहरातल्या पिशवीचा घ्या, गोठ्याचा नंतर. एवढं लिहून देणार असाल तर माझ्या कपिलेचं दूध न्या.