सोसायटीतील मुलांसाठी डिझाइन स्पर्धा: महागडा संच घ्यावा की साध्या साहित्यावर भागेल?

प्रश्न (कोपरखैरणे)
आमच्या सोसायटीतील सातवी ते नववीच्या वीसेक मुलांना अभियांत्रिकीची गोडी लागावी म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एखादी स्पर्धा घ्यावी, असे आम्हा काही पालकांच्या मनात आहे. गेल्या वर्षी माझी मुलगी एका रोबोटिक्स स्पर्धेत उतरली होती. तयार संच, तयार प्रोग्रॅम आणि आदल्या रात्री जागलेले दोन बाबा असा सगळा प्रकार होता, आणि बक्षीस मिळूनही आपली गाडी डावीकडे का ओढते, हे तिला सांगता आले नाही. संचावर खर्च करावा का, आणि पालकांचे हात त्यात शिरू नयेत यासाठी काय करावे?

उत्तर (ऐरोली, अभियांत्रिकीचे अध्यापन)
संचाची घाई करू नका. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक वूडी फ्लॉवर्स यांनी १९७०च्या दशकात डिझाइनच्या अभ्यासक्रमाला जे वळण दिले, त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला एकसारख्या साहित्याचा संच मिळे आणि तेवढ्यातूनच यंत्र उभे करून ते स्पर्धेत उतरवावे लागे. संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेची शालेय रोबोट स्पर्धा १९९२ मध्ये सुरू झाली, ती घडवण्यातही फ्लॉवर्स यांचा मोठा वाटा होता.

तुमच्यासाठी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल उत्तम. प्रत्येक गटाला शंभर काड्या आणि फेव्हिकॉलची एक बाटली द्यावी, दोन टेबलांमध्ये चाळीस सेंटिमीटरचे अंतर ठेवावे, पुलाच्या मध्यावर बादली टांगावी आणि पूल मोडेपर्यंत तीत वाळू ओतत राहावे. पुलाने पेललेल्या वजनाला त्याच्या स्वतःच्या वजनाने भागले की गुण निघतात. पहिल्या खेपेस बहुतेक पूल सांध्यातच सुटतात, कारण डिंक पुरता वाळलेला नसतो. सांधे टिकले, तर वरच्या बाजूची दाबाखालची लांब काडी धनुष्यासारखी वाकून बाहेर येते. तिला मध्यावर आडवा आधार देऊन मोकळी लांबी निम्मी केली, तर ती वाकण्यापूर्वी सिद्धांतानुसार चौपट दाब सोसते. मुलांनी हे डोळ्यांनी पाहावे आणि दुसऱ्या रविवारी पूल पुन्हा बांधावा. ही दुसरी खेप नसेल, तर स्पर्धेत फारसा अर्थ उरत नाही. पालकांचा प्रश्न सोपा आहे: पूल क्लब हाउसमध्येच बांधायचा आणि तिथेच कुलपात वाळत ठेवायचा.

उत्तर (वागळे इस्टेट, स्वतःचे वर्कशॉप)
पूल चांगलाच, पण तो चालत नाही, आणि आठवीच्या मुलाला काहीतरी चालताना पाहायचे असते. मी असतो तर रबर बँडवर धावणारी गाडी दिली असती. मात्र काहीही बनवा, कात्री हातात घेण्यापूर्वी मापे लिहिलेले चित्र कागदावर हवे. आमच्याकडे नव्याने आलेली मुलेही हीच पायरी गाळतात आणि मग पत्रा वाया जातो.

तुमच्या मुलीच्या गाडीबद्दल सांगतो. दोन्ही बाजूंना वेगळ्या मोटारी असतील, तर चाके जागच्या जागी ठेवून फक्त मोटारींची अदलाबदल करावी. गाडी उजवीकडे ओढू लागली, तर एक मोटार मंद आहे असे समजावे. तरीही डावीकडेच गेली, तर चाकांचा आस गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही किंवा एखादे चाक घासते आहे. हे तिचे तिलाच करू द्या.

उत्तर (कोलशेत, पालक)
गुण केवळ निकालावर देऊ नयेत. वर आलेल्या ‘फर्स्ट’ संस्थेच्याच, नऊ ते सोळा वयोगटाच्या ‘फर्स्ट लेगो लीग चॅलेंज’ या स्पर्धेमध्ये रोबोटचा सामना अवघा अडीच मिनिटांचा असतो, पण रोबोटची रचना, संघाचा प्रकल्प आणि एकमेकांशी वागणूक यांचेही परीक्षण होते. आम्ही आमच्या इमारतीत प्रत्येक गटाला ‘कुठे मोडले आणि का’ एवढेच वहीत लिहायला सांगितले होते, आणि सर्वांत आधी पडलेल्या पुलाची वही सर्वांत वाचनीय निघाली. जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्यासाठी केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा) असेल, तर तिथेही विचारून पाहा. ही योजना सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच आहे.

प्रश्नकर्तीकडून
सर्वांचे आभार. पूल, दोन रविवार आणि कुलूप, इतके ठरले आहे. रबर बँडची गाडी मे महिन्यात घेऊ. काल रात्री मुलीने मोटारींची अदलाबदल केली. गाडी आता उजवीकडे ओढते.