अनुभव धागा: पत्र्यातली निकामी भोकं कशी बुजवता?

धुराडं काढलं, टर्बो फॅन (छपरावरचा वाऱ्याने फिरणारा पंखा) उतरवला, पाइप दुसरीकडून नेला, की छपराच्या पत्र्यात भोक उरतं. सिमेंट, डांबर, एम-सील हे सगळं तात्पुरतं. जाणकारांनी मापं, सामान आणि कुठे बिघडतं ते लिहावं.

शेडवाला
सपाट भागातलं, दोन इंचांपर्यंतचं भोक असेल तर ठिगळ चालतं. त्याच जातीचा पत्रा घ्या, भोकाच्या चारही बाजूंना दोन इंच जास्त, कोपरे गोल कापलेले. जागा थिनरने पुसून कोरडी करा. ठिगळाच्या खालच्या अंगाला ब्युटाइल टेपची (चिकट रबरी पट्टीची) अखंड चौकट, मग दीड-दीड इंचावर बंद टोकाचे रिव्हेट. सिलिकॉन लावलंच तर न्यूट्रल मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्त खातं.

घाटमाथा
सिमेंट का सुटतं? सहा मीटरचा लोखंडी पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिमी लांबतो. कडक माल तिथे तडकणारच.

कणकवलीकर
टर्बो फॅनच्या दोन फुटी भोकावर सपाट ठिगळ मारू नका. पन्हळी अडतात, वरच्या कडेला पाणी तुंबतं आणि पालापाचोळा अडकून आत शिरतं. त्यापेक्षा त्याच नक्षीचा पत्रा आढ्यापासून भोकाच्या खाली किमान सहा इंचांपर्यंत टाका. वरची कड आढ्याच्या कोन्याखाली, म्हणजे आढं झाकणाऱ्या पत्र्याखाली, सरकवायची. आढं भोकापासून दूर असेल तर वरच्या पत्र्याच्या आडव्या जोडाचे स्क्रू सैल करून कड त्याखाली घाला. सगळी मेख इथेच आहे: वरचा पत्रा नेहमी खालच्यावर, म्हणजे सीलंट गेलं तरी पाणी बाहेरच वाहतं. बाजूला दीड पन्हळ चढवा. स्क्रू उंचवट्यावर, टेप स्क्रूच्या वरच्या अंगाला.

भोकाखाली पर्लिन (पत्र्याला आधार देणारा आडवा लोखंडी वासा) कापलेली असेल तर आधी अँगल जोडून घ्या. नुसत्या पत्र्यावर उद्या कोणीतरी पाय देणारच.

गॅल्व्हल्यूम
ग्राइंडर नको, पत्रा-कात्री वापरा. ठिणग्यांनी पत्र्यावरचा जस्ताचा लेप जळतो, वर पडलेला कीस गंजून तपकिरी ठिपके उठतात. ड्रिलचा कीसही त्याच दिवशी झाडून टाका. स्क्रू आवळताना रबरी वॉशर कडेला जेमतेम फुगला की थांबा. चेपून बाहेर आला तर उन्हात फाटतो. जुनं भोक सैल झालं असेल तर जाड स्क्रू. तांब्याच्या पाइपवरून ओघळणारं पाणी या पत्र्यावर पडू देऊ नका, जस्त झपाट्याने जातं.

पाऊसवेडी
आतून सील केलं तर चालेल का?

कणकवलीकर
नाही. पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये साचून राहतं, गळती दिसत नाही आणि गंज मात्र वाढतो.

शेडवाला
तपासताना पाण्याचा पाइप खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर न्या, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही. चढताना पाय स्क्रूच्या ओळीवर, म्हणजे पर्लिनवर. उजेडाचा फायबर पत्रा जुना झाला की रंगाने साध्यासारखाच दिसतो, त्यावर पाय पडू नये म्हणून आधीच खडूने फुली मारा.