ज्या घरात सगळे जुळत नाही, त्या ख्रिस्ती घराने कोणाचा कित्ता गिरवावा?

प्रश्न (मिरज):
आमच्याकडे रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होते, पण तीन वर्षे झाली, मुलगा तिला बसत नाही. वाटणीवरून यजमान आणि धाकटे दीर यांचे बोलणे बंद आहे आणि नाताळच्या उपासनेलाही दोघे दोन टोकांना बसतात. बाहेरच्या खोलीत मरिया, योसेफ आणि बाळ येशू यांची तसबीर आहे. तिच्याखाली प्रार्थना म्हणताना आणि मंडळीत ‘आदर्श कुटुंबा’वर उपदेश ऐकताना माझी मान खाली जाते. आमच्यासारख्यांनी कोणाकडे पाहावे?

उत्तर (सांगली):
ताई, तसबिरीतल्या त्याच कुटुंबाची पुढची हकिगत वाचा. लूकच्या शुभवर्तमानाच्या 2ऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेत मागे राहतो, आईवडील दिवसभराची वाट चालून गेल्यावर त्याला नातलगांत शोधू लागतात आणि तो तीन दिवसांनी सापडतो. मरिया त्याला जाब विचारते, आणि त्याचे उत्तर त्या दोघांना समजले नाही, हे लूक झाकून ठेवत नाही. योहान 7:5 प्रमाणे भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि प्रेषितांची कृत्ये 1:14 मध्ये तेच भाऊ आईबरोबर प्रार्थनेला बसलेले दिसतात. मधली वर्षे त्या माउलीने कशी काढली असतील, याचा विचार माझा थोरला घर सोडून गेला तेव्हा मी फार केला.

दिरांच्या बाबतीत बायबलमधले वितुष्ट आलेले भाऊ याकोब आणि एसाव पाहा. ते गळ्यात पडून रडले, पण त्यानंतर एकत्र राहिले नाहीत. बापाला मूठमाती द्यायला मात्र दोघे आले.

उत्तर (सातारा):
आपल्या मातीतले उदाहरण द्यायचे तर रेव्ह. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे ताटातुटीत गेली आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पुढेही दोघांचे खटके उडतच राहिले, ते लक्ष्मीबाईंनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. आमच्या साताऱ्यात 1917 मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तो याच संसारातून. मात्र जिथे मारहाण आहे, तिथे बाईने सोसत राहावे असा अर्थ यातून कोणीही काढू नये.

प्रश्नकर्ती:
आपणा दोघांचे आभार. काल रात्री लूकमधला तोच भाग वाचला. मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा होता. आईवडील त्याला शोधत परत फिरतात तिथे आल्यावर त्याने मोबाईल खिशात ठेवला. तो बसला नाही. मी काही बोलले नाही, त्याचे ताट वाढले.