मदत हवी आहे: मूनस्टोनच्या अंगठीत रेघ दिसतेय, खडा तडकला का?

आईची चांदीतली मूनस्टोनची अंगठी माझ्याकडे आलीये. सैल होती म्हणून लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात लहान करायला दिली. त्यांनी कापून डाग दिला (म्हणजे ज्योतीने तापवून सांधली), वर "मशीनमध्ये धुऊन देतो" म्हणून धुतलीही. घरी ट्यूबखाली धरली तर मधोमध केसाएवढी तिरपी रेघ! अंगठी हलवली की निळसर झाक सरकत येते आणि बरोबर रेघेपाशी तुटते. दुकानदार म्हणतो, "आधीपासूनच असेल."

हा ओरखडा की चीर? पॉलिशने जाईल? रोज घातली तर चालेल का? (भांडी मीच घासते.) लॅब्राडोराइटचं पेंडंटही आहे, त्यालाही हेच नियम का?

प्रतिसाद १
रेघेवरून आडवं नख फिरवा. अडकलं तर रेघ पृष्ठभागावर आलीये; गुळगुळीत लागलं तर बहुधा आत आहे, आणि आतली चीर पॉलिशने जात नाही.

मूनस्टोन, लॅब्राडोराइट, सनस्टोन, ॲमेझोनाइट हे सगळे फेल्डस्पार या खनिजाच्याच घराण्यातले. मोह्‌स मापावर (खनिजांच्या कडकपणाचं १ ते १० माप) कडकपणा ६ ते ६.५, तो तसा ठीक. खरी अडचण अशी की हे खडे जवळजवळ काटकोनातल्या दोन दिशांना सहज दुभंगतात. म्हणून डाग देताना खडा काढून ठेवायला हवा. ज्योतीची धग आणि अल्ट्रासॉनिक धुण्याच्या मशीनची थरथर दोन्ही वर्ज्य. पण दुकानदार अगदीच थापा मारत नसेल. मूनस्टोनमध्ये गोमेच्या पायांसारख्या बारीक चिरा निसर्गतःच असतात. जुना फोटो आहे का?

रोज नको. धुळीत क्वार्ट्झचे (गारेचे) कण असतात, त्यांचा कडकपणा ७, म्हणजे खड्यावर ओरखडे पडतात. त्यामुळे कोरड्या फडक्याने पुसूही नका. कोमट पाणी, जरासं रिठ्याचं पाणी किंवा सौम्य साबण, मऊ ब्रश, बस्स. पेंडंटला धक्के कमी बसतात, ते बिनधास्त घाला. फक्त डब्यात वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा, हिऱ्यामाणकांच्या सोबतीला नको.

धागाकर्ती
नख अडकत नाही. भाचीच्या बारशाचा फोटो झूम केला, त्यात आईचा हात आहे. रेघ तेव्हाही होती, पण निम्मीच! म्हणजे दोघंही थोडे थोडे खरे. आता खडा काढून बंद कोंदणात बसवून घेऊ का?

प्रतिसाद १
आत्ता काढू नका, काढतानाच दोन तुकडे व्हायचे. आधी रत्नपरीक्षकाकडून भिंगाखाली चीर कुठवर गेलीये ते बघून घ्या. तोवर सणासुदीलाच घाला.