शब्दचर्चा : सागरी नकाशाचं 'प्रमाण' लहान की मोठं?

परभणी :
नौकानयनाच्या एका पाठात 'लार्ज स्केल चार्ट'ला 'मोठा नकाशा' म्हटलंय. पुढं वाक्य आहे, 'महासागर ओलांडायला मोठा नकाशा घ्यावा.' अर्थ उलटा होतोय का?

लातूर :
होतोय, ताई. प्रमाण म्हणजे अपूर्णांक. 1:35,00,000 हा अपूर्णांक लहान, म्हणून प्रमाण लहान. पण त्या एका कागदावर अरबी समुद्राचा बहुतेक भाग मावतो. 1:10,000 हे मोठं प्रमाण. त्यात एखादं बंदरच येतं, पण बोया (पाण्यावर तरंगत्या खुणा), खडक, दीपगृह सगळं सापडतं. तालुक्याचा नकाशा आणि मोजणीचा नकाशा शेजारी ठेवा, बांध दुसऱ्यातच दिसतो. म्हणून 'लहान प्रमाणाचा', 'मोठ्या प्रमाणाचा' असंच लिहा आणि पुढं आकडा द्या.

मुंबईहून मॉरिशसच्या पोर्ट लुईला शिडाची नाव न्यायची, तर मधल्या पाण्यासाठी लहान प्रमाणाचे एक-दोन नकाशे पुरतात. निघताना आणि बेट जवळ आल्यावर किनाऱ्याचे, साधारण 1:1,50,000 ते 1:50,000. बंदरात शिरायला त्याहून मोठ्या प्रमाणाचा. वादळात किंवा बिघाडात आसरा घ्यावा लागेल अशा बंदरांचे नकाशे लोक विसरतात, ते आधी काढून ठेवावेत.

नांदेड :
पडद्यावरच्या नकाशात हा घोळ जास्त घातक. झूम कमी ठेवला की बारीक खडक गाळले जातात आणि पाणी मोकळं वाटतं. 29 नोव्हेंबर 2014 ला 'टीम वेस्टास विंड' ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या उत्तरेला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळावर चढली, ती अशाच चुकीनं. वरच्या मुंबई–पोर्ट लुई मार्गालगतच ते प्रवाळ आहे. मार्ग आखून झाला की सबंध रेघ मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर, म्हणजे झूम वाढवून, सरकवत तपासायलाच हवी.

धाराशिव :
'सागरी मैल' समजवायला पंचांगातली 'कला' फार सोयीची. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, आणि अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, 1,852 मीटर. म्हणून अंतर नेहमी नकाशाच्या डाव्या-उजव्या कडेच्या अक्षांश-पट्टीवर मोजायचं, तेही आपण आहोत त्याच अक्षांशाजवळ, कारण मर्केटर नकाशात (सागरी नकाशांच्या नेहमीच्या पद्धतीत) ही पट्टी ध्रुवाकडं ताणत जाते. वरच्या-खालच्या रेखांश-पट्टीवर मोजलं तर 20 अंशांजवळ 100 वाचलेलं अंतर खरं 94 मैलच असतं.

परभणी :
मोजायचं कशानं? पाठात 'कंपासनं' आहे.

धाराशिव :
तो शब्द इथं नको. आपल्याकडं कंपास म्हणजे शाळेची पेटी, नावेवर कंपास म्हणजे होकायंत्र. अंतर घ्यायला कर्कटक, म्हणजे दोन टोकदार पायांचं साधन. दिशा समांतर पट्टीनं नकाशावरच्या दिशाचक्रावर (अंशांच्या छापील वर्तुळावर) न्यायची; त्यात छापलेला चुंबकीय फरक (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला कोन) आणि त्याचं वर्ष वाचून आजचा फरक काढायचा.

लातूर :
खोलीचा शब्दही तपासा. 'फॅदम'ला 'वाव' हा जुना शब्द बरोबर आहे : दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, 6 फूट. आपल्या विहिरींचा 'परस' मात्र वापरू नका, ते माप वेगळं. जुन्या नकाशांत खोली वावात असते, नव्यांत मीटरमध्ये, आणि एकक शीर्षकाजवळ लिहिलेलं असतं. मीटरमधला 3 हा आकडा वाव समजून वाचला तर साडेपाच मीटर पाणी आहे असं वाटतं. खरं पाणी त्याहून अडीच मीटर कमी, आणि नाव तळाला टेकते.