गेन वाढवला की मेटिऑरचे चित्र बिघडते : अडीच हजारांत काय घ्यावे?

गच्चीवरची
नमस्कार. मी कोथरूडला राहते. आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) आणि ५३ सेंटिमीटरच्या दोन भुजांचा, १२० अंशांत उघडलेला घरगुती व्ही-डायपोल अँटेना एवढ्या साहित्यावर १३७.९ मेगाहर्ट्झला मेटिऑर-एम २-४ या हवामान उपग्रहाची चित्रे घेण्याचा प्रयत्न दोन महिने चालू आहे. गेन (संदेश किती वाढवायचा ते) २८ वर ठेवला तर संदेश क्षीण येतो आणि ४९.६ वर नेला तर नॉइज फ्लोअरच (मागचा कायमचा गोंगाट) उचलला जाऊन चित्राच्या निम्म्या पट्ट्या काळ्या येतात. मध्येच एफएमवरची गाणीही ऐकू येतात. एडीसी (संदेशाचे आकडे करणारा भाग) भरून वाहत असेल, अशी मला शंका होती. म्हणून कच्चे नमुने साठवून मोजले. आठ बिटांत ० आणि २५५ या टोकांना भिडणारे आकडे जवळजवळ नाहीतच. मग बिघाड कुठे आहे? खर्चाची मर्यादा २,५०० रुपये आहे.

डेसिबलदास
एअरस्पाय मिनी हे दुसरे डोंगल घ्यावे. त्यात १२ बिटांचा एडीसी आहे. मी दोन वर्षांपूर्वी घेतले आणि त्यानंतर या विषयावर एकही प्रश्न विचारण्याची वेळ माझ्यावर आलेली नाही.

गच्चीवरची
त्याची किंमत माझ्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे आहे.

डेसिबलदास
थोडे थांबून पैसे साठवावेत. स्वस्त वस्तू दोनदा घ्यावी लागते.

वेगवान
आपण सॅम्पल रेट (दर सेकंदाचे नमुने) किती ठेवला आहे? मी नेहमी ३.२ मेगासॅम्पलवर चालवतो. यंत्राची क्षमता आहे, तर ती पूर्ण वापरावी.

मिरजेचा तरंग
वेगवान यांचे म्हणणे मला मान्य नाही. ३.२ वर हे डोंगल नमुने गाळते. आरटीएल_टेस्ट हा चाचणीचा प्रोग्रॅम चालवून पाहिल्यास गळती आकड्यांत दिसेल. २.४ पर्यंत सहसा गळती होत नाही. मेटिऑरचा संदेश दीडशे किलोहर्ट्झच्या आत मावतो, त्यामुळे १.०२४ सुद्धा पुरेसा आहे. माझी सहा महिन्यांची चित्रे यूएसबी हबमुळे फाटत होती आणि मी मात्र अँटेना बदलत बसलो होतो. डोंगल थेट संगणकाला लावावे.

वेगवान
माझ्याकडे गळती होत नाही.

मिरजेचा तरंग
आपण आरटीएल_टेस्ट चालवली आहे का?

सॅटडंपवाला
ताई, एलएनए (अँटेनाजवळ लावायचा कमी गोंगाटाचा प्रवर्धक) घ्या. माझ्याकडे एलएनए लावल्यापासून आडव्या क्षितिजापासून चित्र सुरू होते. फक्त बायस-टी (केबलमधूनच एलएनएला वीज देणारी सोय) चालू ठेवून डीसीला शॉर्ट असलेली अँटेना लावू नका. तो पराक्रम मी केला आहे आणि त्याचा वास अजून आठवतो.

आइंडहोव्हनकर
एलएनए सुचवण्यापूर्वी मूळ प्रश्न पुन्हा वाचावा, अशी विनंती आहे. गेन वाढवल्यावर संदेशापेक्षा गोंगाट अधिक वाढत असेल, तर संदेश कमी पडत नसून पुढचा भाग गुदमरत आहे. तिथे आणखी प्रवर्धन ओतल्यास स्थिती बिघडेल. ० आणि २५५ न दिसण्याचा खुलासाही यातच आहे. ट्यूनर (डोंगलमधला हवी ती वारंवारता निवडणारा भाग) आधी सगळा एफएम बँड आत घेतो, त्याच्या पहिल्या प्रवर्धकात आणि मिक्सरमध्ये (वारंवारता बदलणारा भाग) मोडतोड होते, आणि नंतर आयएफ फिल्टर (त्यापुढची गाळणी) ती केंद्रे कापून टाकतो. एडीसीपर्यंत गुन्हेगार पोहोचतच नाही, फक्त त्याने केलेली नासधूस पोहोचते. खात्री करायची असेल तर गेन ३२.८ वरून २९.७ वर आणावा. खरा संदेश तीनेक डेसिबलने उतरेल. ती गाणी जर नऊ किंवा त्याहून अधिक डेसिबलने उतरली, तर ती मिश्रणातून जन्मलेली भुते आहेत. उपाय एकच : डोंगलच्या आधी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा एफएम नॉच फिल्टर.

मिरजेचा तरंग
मीही हेच म्हणणार होतो. शिवाय योग्य गेन शोधण्याची जुनी रीत अशी, की अँटेना काढून फ्लोअर पाहावा, मग लावून पाहावा, आणि फरक दिसू लागेल तिथून फार वर जाऊ नये. पण एफएम आत घुसत असेल तर हा फरकही फसवा असतो, हे खरे.

डेसिबलदास
एअरस्पायमध्ये हा त्रास होत नाही.

आइंडहोव्हनकर
होतो. त्यातही त्याच घराण्याचा ट्यूनर आहे. बिट वाढल्याने मिक्सर सुधारत नाही.

ट्रान्झिस्टर आजोबा
दूरदर्शनवर दुसऱ्या केंद्राच्या सावल्या पडत, तेव्हा आम्ही अँटेनाच्या तारेला टी जोडून कोअक्स केबलचा एक तुकडा लोंबकळता ठेवत असू. दुसरे टोक उघडे. लांबी बरोबर बसली की नको असलेले केंद्र मरत असे. आता सगळे विकत मिळते. आमच्या वेळी सोल्डरसुद्धा जपून वापरावे लागे, आणि पुण्यात साधा बीएनसी (केबलचा जोड) मिळवायला पासोड्या विठोबापर्यंत चार फेऱ्या होत.

सॅटडंपवाला
आजोबा, हल्ली फिल्टर घरपोच येतो.

गच्चीवरची
सर्वांचे आभार. आइंडहोव्हनकरांची चाचणी केली. २९.७ वर गाणी जवळजवळ बुडाली आणि मेटिऑरची रेघ मात्र जागेवर राहिली, म्हणजे निदान बरोबर होते. तरीही फिल्टर मागवलेला नाही, आजोबांचा केबलचा तुकडाच करून पाहिला. एफएम बँडचा मध्य ९८ मेगाहर्ट्झ धरून आरजी-५८ केबलच्या पाव तरंगाचा हिशेब केला : ७६.५ सेंटिमीटर गुणिले ०.६६ (केबलमध्ये तरंगाचा वेग तितक्या पट असतो), म्हणजे साधारण ५०.५. तुकडा ५४ चा कापला आणि वॉटरफॉलवर (पडद्यावरचा संदेशांचा सरकता आलेख) नजर ठेवून नखभर-नखभर छाटत आले, ५०.८ ला घरासमोरच्या मनोऱ्यावरच्या केंद्राचे शिखर एकदम खचले. १३७.९ वर दीडेक डेसिबल जाते, असे गणित सांगते. ते सोसण्यासारखे आहे. टी आणि दोन अ‍ॅडॅप्टर मिळून तीनशे रुपयांच्या आत झाले. काल सायंकाळच्या फेरीत ३६.४ गेनवर आणि १.०२४ दरावर अरबी समुद्रापासून हिमालयापर्यंत चित्र आले, फक्त खालच्या आठ-दहा पट्ट्या काळ्या आहेत. तिथे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आडवी येते.

आइंडहोव्हनकर
तुकडा अरुंद पट्टाच अडवतो. बँडच्या कडेची केंद्रे तशीच आत येतील. फिल्टर घ्यावा.

डेसिबलदास
टाकीसाठीही एअरस्पाय मिनीचा विचार करावा.